जत्रेचेही फोटो काढून ठेवा

गेल्या उरुसात मिरजेला गेलो होतो. रात्रीचे साडेनऊ-दहा वाजले असतील. दर्ग्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना दुकानं, वर बल्बांच्या माळा, पलीकडे पाळण्याचा कर्रकर्र आवाज आणि त्यावर चढवलेली कव्वाली. गळ्यात कॅमेरा होता. बांगड्यांच्या एका दुकानापाशी थांबलो. साठीच्या पुढची एक खाला एका नऊवारीतल्या बाईच्या हातात बांगड्या चढवत होती. खालाने तिचा पंजा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. बाईचे डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, आणि बांगडी सरकन मनगटावर गेली तशी ती हसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. खालाने पदर तोंडावर ओढला.

"नक्को रे बाबा, फोटू नक्को. तू कां डालेगा, उसपे कोन क्या लिखेगा, अपन को क्या मालूम?"

मी कॅमेरा खाली घेतला. तिची माफी मागितली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पूर्वी जत्रेत कॅमेरा दिसला की माणसं आपणहून पुढे यायची. पोरं तर चौकटीत घुसायचीच. फोटोत आपण कसे दिसू ही चिंता असायची. आता चिंता वेगळी आहे. त्या फोटोखाली कोण काय लिहील, ही ती चिंता. एका म्हाताऱ्या बांगडीवालीला हे कळलं आहे. फोटो काढणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना अजून कळलेलं नाही.

मी स्वतः मणेराच्या घरातला आहे. दादा, म्हणजे माझे आजोबा, आयुष्यभर जत्रा करत फिरले. मिरजेचा उरूस, पालच्या खंडोबाची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, चैत्रात जोतिबा. आमच्या घरात वर्ष मोजायचं ते असं. "तुझा जन्म पालच्या जत्रेच्या आधी आठ दिवस," असं दादी अब्बांना सांगायची. तारखा तिला ठाऊक नव्हत्या, त्यांची गरजही पडत नसे. पोटासाठी फिरणाऱ्या त्या कुटुंबाने हिंदूंची जत्रा आणि मुसलमानांचा उरूस असा हिशेब कधी केला नाही. त्यांचा हिशेब एवढाच होता: बायका कुठे जास्त येतात आणि कुठल्या जत्रेत पाऊस पडायची भीती आहे.

दादांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. तो पालच्या जत्रेतला. जत्रेत फिरणाऱ्या कुणा फोटोवाल्याने काढलेला, काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला. दादा मांडी घालून बसलेत. मागे काठीला अडकवलेले बांगड्यांचे तोडे. समोर तीन बायका. एकीचा हात दादांच्या हातात, आणि ती वेदनेने तोंड फिरवून दुसरीकडे बघते आहे. कोपऱ्यात पिपाणी तोंडात धरलेलं एक पोरगं. दादांच्या काळ्या टोपीवर पांढरट डाग आहेत. लहानपणी मला वाटायचं फोटो खराब झाला आहे. अब्बांनी सांगितलं, तो भंडारा आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत हळद पांढरीच दिसते. पालला भंडारा उधळला जातो तो कुणाची टोपी बघून उधळला जात नाही. संध्याकाळी दादा टोपी झटकायचे, दादी ओरडायची की सगळ्या अंथरुणाला पिवळं लागलं, आणि तो दिवस संपायचा.

फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेला मजकूर आहे. कुणाचं नाव, गाव, साल असेल म्हणून मी एकदा भिंग घेऊन वाचला. ती उधारी निघाली. दोन ठिकाणी आणे, एका ठिकाणी रुपया. त्या तीन बायका कोण, ते पोरगं कोण, काहीच नाही.

हा फोटो मी आजवर अनेकांना दाखवला. हिंदू मित्र म्हणतात, "वा, काय दिवस होते!" मुस्लिम मित्रही तेच म्हणतात. मला हे 'काय दिवस होते' आवडत नाही. ते दिवस संपले असं कुणी जाहीर केलं? मिरजेच्या उरुसात मी परवा जे पाहिलं ते याच फोटोतलं होतं. फक्त फोटो निघाला नाही.

मिरजेचा उरूस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचा हा उरूस. त्यात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. तो वाजतगाजत येतो आणि तिथून उरूस सुरू होतो. ही शासनाने काढलेली सलोख्याची योजना नाही, कुणा पुढाऱ्याने फीत कापून सुरू केलेली प्रथाही नाही. ज्यांना गावोगावच्या देवळांनी पायरीवर थांबवलं, त्यांना एका दर्ग्याने पहिला मान दिला, आणि तो मान आजही पाळला जातो. याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा घराण्याचा हा गवई १९३७ मध्ये गेला. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात शास्त्रीय संगीताची मैफल होते, मोठमोठे गायक हजेरी लावून जातात. बाहेर पिपाण्यांचा कल्लोळ आणि आत तंबोरा, असं दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळेल. तो तंबोराही मिरजेचाच. इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं बनवायला घेतली. त्या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे सगळं झालं मोठं, सांगण्यासारखं. पण उरुसाला येणारे बहुतेक लोक या कारणांनी येत नाहीत. ते येतात मजेसाठी. आकाशपाळण्यात बसून वरून मिरज बघायला, मौत का कुआँमध्ये मोटरसायकल कशी फिरते ते बघून काळजाचा ठोका चुकवायला, आरशांच्या तंबूत आपलं पोट जाड झालेलं बघून हसायला, फुग्यांवर छऱ्याची बंदूक मारायला. मशीनवर हातावर नाव गोंदवून घ्यायला आणि मग घरी शिव्या खायला. बत्तासे, रेवड्या, चिरमुरे आणि गरम खाजा पुड्यात बांधून घ्यायला. कुणाची सासू सोबत नसते, कुणाचा बाप दोन तास मोबाइल विचारत नाही. खेड्यातल्या मुलीला पाच रुपयांची टिकली स्वतः निवडण्याचं स्वातंत्र्य मिळतं ते जत्रेत.

आणि फोटो काढायचे असतील तर ते याचे काढायला हवेत.

पण उरुसाचे म्हणून जे फोटो आपल्यासमोर येतात ते आठवून बघा. धुपाचा धूर. त्या धुरात एक दाढीवाला चेहरा, डोळ्यांत सुरमा. जाळीला बिलगलेली बुरख्यातली बाई. टोप्यांचा समुद्र, वरून काढलेला. हे फोटो खोटे नाहीत. धूर असतो, दाढी असते, जाळीही असते. पण शंभरातले नव्वद फोटो हेच असतील, तर बघणाऱ्याला वाटणार की उरूस म्हणजे मुसलमानांनी धुरात बसून काहीतरी गूढ करणं. पाळण्यात किंचाळणारी कोळेकरांची पोरगी, बत्तासे तोलणारा लिंगायत दुकानदार, बायकोला कानातलं घेऊन देताना खिसा चाचपणारा मुल्ला, हे त्या फोटोंत येत नाहीत. हिंदू जत्रांचंही तेच होतं. जेजुरीचा फोटो म्हणजे हवेत उडालेला भंडारा, जोतिबाचा म्हणजे गुलाल आणि सासनकाठ्या. रंग इतका सुंदर असतो की त्याच्याखालची माणसं दिसेनाशी होतात. फोटोवाल्याला रंग पाहिजे असतो. जत्रा मात्र माणसांची असते.

याच मिरजेचं दुसरं चित्र देशाने पाहिलं ते २००९ च्या सप्टेंबरमध्ये. गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून शहरात दंगल झाली, आणि ती सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोहोचली. संचारबंदी लागली. त्या दिवसांचे फोटो आजही सापडतात. दगड, काचा, जळालेली वाहनं, पोलिसांच्या गाड्या. ते काढलेच पाहिजेत, ते काढणाऱ्या बातमीदारांनी जीव धोक्यात घातला होता. माझा मुद्दा वेगळा आहे. दंगल काही दिवस चालली आणि तिचे फोटो आहेत, तारखेसकट आहेत, नावासकट आहेत, पुराव्याच्या फायलींत आहेत. उरूस शेकडो वर्षं भरतो आहे आणि त्याचे नीट, नावानिशी, गावानिशी ठेवलेले फोटो किती घरांत आहेत? माझ्याच घरात एक आहे, आणि त्याच्यामागे उधारी लिहिली आहे.

उद्या एखादं पोर मिरजेबद्दल शोधायला बसलं, तर त्याला आपले पूर्वज कसे भांडले ते सहज सापडेल. ते एकत्र खाजा कसा खात होते हे सापडणार नाही. मग ते पोर म्हणेल की हे लोक नेहमी भांडतच होते. त्याचा काय दोष? आपण त्याच्यासाठी तेवढंच ठेवलं.

कुणी म्हणेल, फोटोंनी काय होतं? होतं. आता फार होतं. मार्च २०२२ मध्ये कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातल्या कापू इथल्या मारीगुडीच्या जत्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा नाकारल्या गेल्या, आणि ते लोण मग इतर जत्रांपर्यंत गेलं. ते दुसऱ्या राज्यात घडलं म्हणून आपण सुस्कारा सोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आपल्या दारात आलं. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेत, कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव झाला. ही तीच मढी, जिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे, जिथे भटक्या जमाती लांबलांबून येतात. त्या ठरावावर पुढे वाद झाला, चौकशी झाली, तो सगळा भाग वर्तमानपत्रांत येऊन गेला. गावाचं म्हणणंही छापून आलं होतं. यात्रेआधी गाव महिनाभर काही पथ्यं पाळतं आणि बाहेरचे व्यापारी ती पाळत नाहीत, असं ते म्हणणं. पथ्याचा आदर मला समजतो. आमच्याही उरुसात पथ्यं असतात. पण पथ्य पाळत नाही त्याला थांबवा, मग तो कुणीही असो. नाव विचारून जागा देणं हे पथ्य नव्हे.

अशा वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "हे लोक इथे पूर्वीपासून कधी होते?" आणि आपल्याकडे उत्तर असतं ते तोंडी. दादी सांगायची, अब्बा सांगायचे. तोंडी उत्तराला आज कुणी विचारत नाही. दादांच्या टोपीवरचा भंडारा मात्र कुणाला पुसता येत नाही.

इथे माझ्याच मनात एक गाठ आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही. जत्रेतल्या मजेचा फोटो हा आपल्या असण्याचा पुरावा म्हणून का काढायचा? शेजाऱ्याने कधी आपण इथले आहोत याचा फोटो जपून ठेवला आहे का? त्याला गरज पडली नाही, मग आम्हालाच का पडावी? हा राग खरा आहे. बांगडी भरणाऱ्या बाईने आयुष्यभर बांगड्या भराव्यात आणि शेवटी तिला विचारावं की तू इथे कशी, याहून अपमान कोणता? पण राग धरून फोटो न काढणं यात नुकसान आपलंच आहे. आणि दुसरं असं, की पुरावा म्हणून काढलेला फोटो चांगला निघतच नाही. 'बघा, हिंदू-मुस्लिम कसे एकत्र' असं दाखवायला दोघांना शेजारी उभं केलं की ते सरकारी जाहिरातीसारखे दिसतात. दादांचा फोटो चांगला आहे, कारण काढणाऱ्याच्या मनात असलं काही नव्हतं. त्याला चार पैसे मिळवायचे होते. बाईला बांगडी हवी होती, पोराला पिपाणी. मजा खरी असेल तर बाकीचं आपोआप फोटोत येतं.

आता आपल्या घरातले आक्षेप. एक जुना आहे: फोटोच नको, तस्वीर जायज नाही. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि त्यांत पडण्याइतका माझा अभ्यास नाही. एवढंच बघतो की हजला जायचं तर पासपोर्टवर फोटो लागतो, आणि तो आपण सगळेच हौसेने काढून घेतो. परत आल्यावर दाराला हार लावतानाचे फोटो तर भावकीच्या प्रत्येक मोबाइलवर फिरतात. लग्नात ड्रोन उडतो. मग जत्रेतल्या बांगडीवालीच्या वेळीच तस्वीरीचा मसला का आठवावा?

दुसरा आक्षेप अलीकडे वाढला आहे: उरूस हीच बिदअत, तिथे जाणंच चूक, मग त्याचे फोटो काढून प्रचार कशाला? यावर वाद घालणारे घालोत. मी दर्ग्यावर सजदा करा असं कुणाला सांगत नाही. माझं म्हणणं दर्ग्याबाहेरच्या रस्त्याबद्दल आहे. तिथे जो पाळणा फिरतो त्याला अकीदा नसतो. त्या रस्त्यावर शेकडो कुटुंबांची चार महिन्यांची रोटी आहे, आणि त्यांत आपलीही आहेत, त्यांचीही आहेत. तुम्हाला उरूस पटत नसेल तर आत जाऊ नका. पण बाहेरची कुल्फी खायला आणि तिथल्या माणसांना ओळख द्यायला काय हरकत आहे? एका बाजूने बाहेरचे लोक म्हणतात की जत्रेत तुम्ही नको, आणि दुसऱ्या बाजूने आपलेच लोक म्हणतात की जत्रेत आपण नको. दोघांचं मिळून बांगडीवालीचं दुकान उठतं.

फोटो काढा म्हणतो आहे, तर कसे काढावेत हेही सांगायला हवं. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही, पण काही वर्षं जत्रांत चुका करत शिकलो आहे.

पहिली गोष्ट, चेहऱ्यांकडे वळा. अमित मधेशिया या छायाचित्रकाराने महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजचे फोटो काढले. तंबू, प्रोजेक्टर, पडदा हे सगळं सुंदर असताना त्यांनी कॅमेरा पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांवर लावला. पडद्याच्या उजेडात न्हालेले, तोंड उघडं राहिलेले, स्वतःला विसरलेले चेहरे. या फोटोंना २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहम यांच्यासोबत त्यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. हे चेहरे बघून कुणी सांगावं की यातला कोण कुठल्या धर्माचा? सिनेमा बघताना माणसाचा चेहरा फक्त सिनेमा बघणाऱ्याचा असतो. पाळण्यातही तसंच. पाळणा खाली येतानाचा क्षण धरा, त्या किंकाळीला जात नसते.

दुसरी, फ्लॅश मारू नका. जत्रेचा उजेडच जत्रेचा जीव आहे. दुकानदाराच्या डोक्यावर बल्ब असतो, त्या बल्बाच्या जवळ जाऊन थांबा. फिरत्या पाळण्यासाठी मोबाइल एखाद्या खांबाला टेकवून धरा आणि शटर सावकाश चालू द्या, म्हणजे दिव्यांची वर्तुळं उमटतात. पण असा एखादाच फोटो पुरे. दिव्यांची वर्तुळं जगातल्या सगळ्या जत्रांची सारखीच असतात.

तिसरी, सकाळी जा. रात्रीची जत्रा सगळे बघतात. सकाळी सात वाजता पाळण्याच्या लोखंडी खांबाला आरसा लटकवून दाढी करणारा पाळणेवाला दिसतो. मौत का कुआँमध्ये रात्री मोटरसायकल फिरवणारा पोरगा पालापुढे चुलीवर चहा उकळत असतो. बांगडीवाल्यांच्या घरातल्या मुली पुठ्ठ्याच्या खोक्यांतून फुटक्या बांगड्या वेगळ्या काढतात, दोन-चारचं माप एकीकडे, दोन-सहाचं दुसरीकडे. आपल्याला मजा देणारे लोक कसे राहतात हे तेव्हा कळतं. रंगाच्या मागचा घाम फोटोत यायला हवा.

चौथी, काही फोटो काढायचेच नाहीत. जाळीपाशी रडणारी बाई, अंगात आलेली मुलगी, नवसासाठी आणलेला आजारी माणूस. दुवा मागणाऱ्या माणसाचं तोंड हा कुणाच्या मोबाइलचा माल नाही. पोरांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नको. बाईने पदर ओढला की कॅमेरा खाली. तिने कारण सांगायची वाट बघू नका.

आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची. फोटो परत द्या. प्रिंट काढायला आज फार पैसे लागत नाहीत. ज्याचा फोटो काढला त्याचं नाव, गाव, धंदा त्याला विचारून मागे लिहा, कुठली जत्रा आणि कुठलं साल तेही लिहा, आणि एक प्रत त्याच्या हातात ठेवा. फोटो त्याच्याकडेही राहिला म्हणजे तो कुणी कसाही वापरू शकत नाही. खालाच्या मनातली भीती आहे ती हीच, की माझं तोंड घेऊन हा जाईल आणि मला कधी कळणारही नाही की त्याचं काय झालं.

त्या रात्री मी खालाच्या दुकानापाशीच उभा राहिलो. कॅमेरा पिशवीत ठेवला. बोलता बोलता सांगितलं की मीही मणेराचा. "किसका रे तू?" म्हणून तिने दादांचं नाव विचारलं, गाव विचारलं. तिच्या सासऱ्याबरोबर दादांनी म्हसवडला शेजारी पाल टाकलं होतं असं निघालं. ते कितपत खरं ते ठाऊक नाही, जत्रेतली माणसं अशी नाती जुळवतातच. मग तिनेच म्हटलं, "हाथां का निकाल. मुँह का नक्को." नऊवारीतल्या मावशीही तिथेच बसल्या होत्या, दुसऱ्या हातात भरायच्या राहिल्या होत्या. कवठेमहांकाळकडच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझं तोंडबी काढ की, मला काय हुतंय." पण खालाचं मन राखून मी हातांचाच काढला. दोन म्हातारे हात, एक धरणारा आणि एक धरून घेणारा, मध्ये हिरव्या बांगड्या, वर बल्बाचा पिवळा उजेड.

चैत्रात जोतिबाला गेलो तेव्हा प्रिंट घेऊन गेलो. खालाचं दुकान शोधायला अर्धा तास लागला. सगळीकडे गुलाल. तिच्या खोक्यांवर, बांगड्यांवर, ओढणीवर गुलाबी थर बसलेला. मी पाकीट दिलं. तिने हात पुसले, फोटो बल्बाखाली धरला, उलटा करून मागचं मला वाचायला लावलं. तिचं नाव, गाव, मिरजेचा उरूस, साल. मग म्हणाली, अजून एक दे. मी विचारलं, दुसरा कुणाला?

"वो कवठे की बाई हर साल आती उरूस में. उसका भी हाथ है ना इसमें."

दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. आता काढून ठेवली आहे. पुढच्या उरुसात घेऊन जायची आहे.